अकरा वाजताची वाटी

मंगळवार, १४ मार्च
दुपारचे साडेतीन

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं गेलं. आज मनातून एकही आशीर्वाद निघत नाहीये. इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत बरी असेलच, आणि जेवण झकास चाललंय हे तर पेपरात वाचतेच आहे.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मध्येच "ताई, आधी ऐक तरी" म्हणतोस. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही. दुपारची गर्दी उतरली आहे, वाढपी टेबलं पुसतोय आणि मी पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर तेही छापून टाक.

तुझा लेख वाचला. 'एका गल्लीतल्या सात खानावळी'. मी एकटीने नाही, सगळ्या गल्लीने वाचला. शिंप्याने कापून दुकानाच्या काचेला चिकटवलाय आणि ज्यांना आपली भाषा वाचता येत नाही त्यांना धरून धरून अर्थ सांगतोय. त्याला पाच भाषा येतात आणि एकाही भाषेत गप्प बसता येत नाही.

समोरच्या मावशीच्या सूपावर तू बारा ओळी लिहिल्यास. "इतकं नेमकं सूप मी या गल्लीत कधी प्यायलो नव्हतो. या वयातही या बाईंच्या जिभेला तोड नाही." बरं. छान. त्याखाली तीन ओळी आपल्या खानावळीवर. आपल्या म्हणजे बाबांच्या. "याच खानावळीत लहानाचा मोठा झालो, म्हणून लिहिताना जड जातंय. पण इथला मिठाचा हात बिघडला आहे, रस्सा खारट होता. आत कुणी चाखून बघत नाही असं वाटतं."

जड जातंय म्हणे! एवढं जड होतं तर खाली ठेवायचं होतंस. जगाचं 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' असतं. तुझं सगळंच उफराटं. समोरचा तो बाळ्या आणि घरची ती कार्टी. खाल्ल्या मिठाला चांगला जागलास!

आणि तू आलास कधी? मला तर पत्ताच नाही. आज वाढप्याला लेख दाखवला तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "ते साहेब असतील. मोरीजवळच्या टेबलावर बसले होते. पहिला घास घेतला आणि तुमच्यासारखाच एक डोळा मिटला." तो नवीन आहे, त्याला काय माहीत. मी दहा पावलांवर चुलीशी होते, तुझ्याकडे पाठ करून. तू जेवलास, बिल दिलंस, ताटाखाली टीप ठेवलीस आणि चालता झालास. सख्ख्या बहिणीच्या खानावळीत टीप! वाढप्याने ती खर्च करून टाकली म्हणून, नाहीतर पाकिटात घालून परत पाठवली असती. "ताई, खारट झालंय गं." चार शब्द होते. ते आत येऊन मला सांगायचे सोडून शहरभर सांगितलेस.

खारट म्हणालास त्याचं एक वेळ सोडून देते. 'कुणी चाखून बघत नाही' हे मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुला आठवत नाही की आठवायचं नाही?

बाबा गेले तेव्हा मी एकवीसची, तू नऊचा. चौथ्या दिवशी मी शटर उघडलं, कारण बंद ठेवून खायचं काय? सकाळपासून पातेल्याशी उभी. वाफ नाकातोंडात, चाखून चाखून जीभ मेलेली, आणि रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी. मावशी रस्ता ओलांडून आली, न विचारता पळी बुडवली, चाखलं आणि एक बोट वर केलं. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नाही. मी बघत राहिले तशी तिने स्वतःच अर्धी मूठ मीठ पातेल्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी अकराला ती पुन्हा आली, या वेळी स्वतःच्या सूपाची वाटी घेऊन, आणि ती माझ्यापुढे धरली. माझ्यापुढे! जिला कालपर्यंत रस्सा येत नव्हता तिच्यापुढे! त्या दिवशी मी स्वयंपाकीण झाले.

तेव्हापासून तेवीस वर्षं रोज अकराला वाट्या रस्ता ओलांडतात. ज्याने शिजवलं त्यानेच न्यायची. एक बोट म्हणजे अर्धी मूठ मीठ. हात पालथा म्हणजे पाणी घाल. मूठ आवळली म्हणजे आचेवर राहू दे. समोरचा सांगेल ते त्याच्या देखत करायचं आणि उलट बोलायचं नाही. शेवयावाला, मासेवाला, पाववाला, सगळ्यांनी मागाहून हीच रीत उचलली. शिजवणाऱ्याला स्वतःची चव कळत नाही, हे या गल्लीतल्या प्रत्येकाला कळतं. न कळणारा एकच निघाला, तो पेपरात गेला.

तेव्हा आमच्याकडे चाखून बघतात. मावशी चाखते, बोट वर करते, मी मीठ घालते. तुला खारट लागलं असेल तर हॉटेलं हिंडून हिंडून तुझीच जीभ बिघडली असेल.

दूधवाला आलाय. थांबते.

साडेचार

वरचं शेवटचं पुन्हा वाचलं. खोटं आहे ते. खोडणार होते, पण खाडाखोड केलेली तू नेमकी वाचतोस.

आठ महिन्यांपूर्वी मावशी आठवडाभर तापाने पडली होती. उठून कामाला लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने माझी वाटी चाखली आणि मान डोलावली. मी वाढायला घेतलं, तर पहिल्याच गिऱ्हाइकाने मीठ मागितलं. त्या दिवशी मी रस्स्यात मीठ घालायलाच विसरले होते. म्हटलं, अंगात कणकण असेल अजून. दुसऱ्या दिवशी तिची वाटी माझ्याकडे आली. सूप गोड. मिठाच्या जागी साखर! ती समोर उभी, नजर माझ्या तोंडाकडे. मी मूठ आवळून दाखवली, आचेवर राहू दे म्हणून. मग ती वळल्यावर पाठोपाठ तिच्याकडे गेले, कांदे मागायचं निमित्त केलं आणि कोपराने अख्खं पातेलं उलथवलं. दोन महिने ती मला 'कोपर' म्हणून हाका मारत होती. सगळी गल्ली हसली. हसू दे म्हटलं.

तेव्हापासून तिच्या वाटीचं मी खरं सांगते आणि माझ्या वाटीचं ती अंदाजपंचे सांगते. कधी एक बोट, कधी तीन. माझी चूल खिडकीशी, तिच्या उंबऱ्यातून पातेलं दिसतं. एकदा रिकामी मूठ झटकून बघितली, तर रस्त्यापलीकडून ओरडली, "डोळे आहेत मला!" मग मी आधीच मीठ कमी घालून ठेवायला लागले. ज्या दिवशी तिने मान डोलावली त्या दिवशी रस्सा अळणी, तीन बोटं दाखवली त्या दिवशी खारट. मागाहून पाणी वाढवावं तर चवच जाते. जुनी गिऱ्हाइकं दोन दोन तांबे पाणी पिऊन गुपचूप उठली. काही परत आली नाहीत.

आता ते सूप. तुझं ते नेमकं सूप. तुझ्या त्या बारा ओळी. तू ज्या जिभेला तोड नाही म्हणालास ती तुझ्या बहिणीची जीभ आहे, गाढवा!

तू विचारशील, मग तिला सांगितलं का नाहीस? सांगायचं कसं? जिने मला स्वयंपाकीण केलं तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, की आता तू नाहीस? वाटी न्यायची थांबवली तरी तिला कळणार. म्हणून नेत राहिले. आठ महिने निभावलं, आणखी आठ निभावलं असतं. तुझ्या तीन ओळींनी दुधात मिठाचा खडा पडला. आज ना उद्या शिंपी त्या ओळी तिलाही वाचून दाखवणार. ती येडी नाही. 'आत कुणी चाखून बघत नाही' हे ऐकल्यावर तिला काय वाटेल, याचा एकदा तरी विचार केलास?

बुधवार, दुपार

पत्र काल टाकलं नाही ते बरं झालं.

आज अकराला मी वाटी घेऊन उंबऱ्यात आले, तर समोर मावशी नाही. सव्वाअकरा झाले. रस्सा वाटीतच निवला. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग ती आली. वाटी हातात, रिकामी, उपडी धरलेली. आत येऊन चुलीजवळच्या स्टुलावर बसली.

"किती महिना?" तिने विचारलं.

"आठ."

"रोज?"

"रोज."

"ते पातेलं? कोपर?"

मी मान हलवली. तिने पळी उचलून माझ्या कोपरावर हाणली. लटकी नाही, अजून ठणकतंय.

"मी बोट वर करते, तू मीठ घालते! गिऱ्हाईक उठून जातो, तरी घालते! तुझ्या बापाचं दुकान आहे हे. डोकं आहे की मडकं?"

मी म्हटलं, "मावशी, तुझं सूप बघ ना, पेपरात आलंय."

"कुणाचं सूप?" ती म्हणाली. "तू सांगते, मी घालते. मग सूप कुणाचं?"

मी चुलीकडे वळून आच कमी करायला लागले आणि तिथेच चुकलं. तिने सांगून टाकलं की सोमवारपासून शटर बंद. जीभ नाही तर दुकान नाही. मी हात धरला, रडले, ओरडले. म्हटलं, अगं, हाडं तू उकळतेस, मसाला तुझा, आच तुझी, मी फक्त मीठ सांगते, आणि ते तर तेवीस वर्षं सांगत आले आहे! वाटी कशासाठी होती मग? ती शांतपणे म्हणाली, "आठ महिना खोटं बोलली तू. आज पण बोलत असशील."

मग तिने कनवटीतून कागद काढला. तुझा लेख, चार घड्या घातलेला. तिला एक अक्षर वाचता येत नाही, पण शिंप्याने बोट ठेवून दाखवलेलं तिच्या लक्षात होतं. बारा ओळी सोडून तिने बरोबर त्या तीन ओळींवर बोट ठेवलं.

"हा खरं बोलतो," ती म्हणाली. "बहिणीला पण सोडत नाही."

माझा कसा जळफळाट झाला असेल बघ. तेवीस वर्षं रोज समोर उभी राहिले मी, आणि भरवसा कुणावर, तर मोरीजवळ बसून चोरासारखा जेवून गेलेल्यावर! पण तिचं म्हणणं मला खोडता येईना.

तेव्हा आता कान देऊन वाच. रविवारी अकराच्या आत ये. त्या दिवशी ती एकटी सूप करेल, मी खूण करणार नाही, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. ते चाख आणि काय असेल ते तिच्या तोंडावर सांग. वाईट झालं असेल तर वाईट म्हण. नुसतं मीठच कमीजास्त असेल, तर नुसतं मीठ म्हण, आणि तेवढंच मी सांगत होते हेही सांग. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. गोड बोलायला येऊ नकोस, गोड बोलण्यातच आठ महिने गेले. तू आला नाहीस तर सोमवारी ते शटर उघडणार नाही, आणि त्या घरात तिला चुलीशिवाय दुसरं कोणी नाही.

रागावले आहे अजून, ते कायम आहे. पण वाढप्याने आज आणखी एक सांगितलं. म्हणाला, जेवण संपल्यावरही ते साहेब अर्धा तास बसून होते, चुलीकडे बघत. तू आत का आला नाहीस ते मला माहीत आहे. तू पेपरात जायला निघालास तेव्हा मीच दारात उभी राहून म्हणाले होते, "जातोस तर यापुढे गिऱ्हाईक म्हणून ये. मागच्या दाराने येऊ नकोस." तू शब्द पाळलास. नको तिथे बरा ऐकतोस माझं!

शिंपी उद्या कापड आणायला तुझ्या बाजूला जातोय, त्याच्या हाती हे देते. पाकीट नीट चिकटवते, नाहीतर पाच भाषांत वाचून होईल.

रविवारी मावशीची वाटी झाली की माझीही चाख. आणि मागच्या दाराने ये, कडी काढून ठेवते.

रस्सा खारट होता.

तुझी
ताई