मीठ सोसणारं झाड

प्रिय उर्वशीस,

काल फोनवर तू म्हणालीस, रविवारी गाडी घेऊन येते, आईचे कपडे भरून ठेवा; आणि मी बरं म्हणालो. माझ्या त्या होकारावर विसंबू नकोस, बाय. तुझी आई शेजारीच बसली होती. तिच्यादेखत तिच्याविषयी बोलायला माझी जीभ उचलत नाही, आणि तू बोलतेस ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, घाईघाईत. म्हणून हे पत्र. शेजारचा सत्यवान पुण्याच्या गाडीवर निघाला आहे, त्याच्या हाती देतो. रविवारच्या आत वाच आणि अर्ध्यावर सोडू नकोस.

आधी टाकीची हकिकत सांगतो. विषय टाळतोय असं वाटेल, पण टाळत नाही.

चतुर्थीला तू ती काचेची टाकी आणून मांडलीस, सोनेरी मासे सोडलेस, नाजूक पानांची चार रोपं वाळूत लावलीस, तेव्हा मला शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र आठवलं होतं. कवितेच्या वर छापलेलं, ओढा, वेली आणि वळण घेणारा एक मासा. आमचे मास्तर ती कविता चालीवर म्हणून घेत आणि शेवटच्या कडव्याला स्वतःच डोळे मिटत. बर्फाच्या कारखान्यात कारकुनी करताना, सगळीकडे गारठा आणि माशांचा वास, तरी मला ती चाल आठवायची. टाकीसमोर बसून मी ती तुझ्या आईला म्हणून दाखवली. ती म्हणाली, "ह्या कवितेतलो मासो कोणी खाल्ल्यान काय नुसतो बघल्यान?" जन्मभर मालवणच्या बाजारात मासे विकलेली बाई. मासा बघत बसायचा असतो, हे तिला पटायला दिवाळी उजाडली. पण पटलं ते असं की दिवेलागणीला, स्वतःच्याच घरात बसून, "माका घराक जावचा हा" म्हणून जी घालमेल चालायची, ती टाकीसमोर थांबू लागली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते त्या टाकीनं केलं. हे तू लक्षात ठेव.

सोनेरी माशांनी तुझी रोपं आठवड्याभरात फस्त केली. आई कमरेवर हात ठेवून त्यांना झापायची, मेल्यांनू, पालो खातास तो खावा, मुळां कित्याक उपटतास? कुडाळच्या टाक्यांच्या दुकानातला भाई हसला. म्हणाला, ती रोपं म्हणजे त्या माशांची भाजी, तुम्ही दोघांची जोडीच चुकीची लावलीत. मग मासे त्याला परत दिले आणि गप्पी आणले. ते पानांना तोंड लावत नाहीत, नुसते मधून मधून फिरतात. नवी रोपंही आणली, केसांसारखी बारीक पानांची. टाकी पुन्हा हिरवीगार झाली. मला वाटलं, जमलं एकदाचं.

आणि एका सकाळी सगळं पाणी गढूळ. रोपं विरघळून तारा झालेली, गप्पी पृष्ठभागावर आडवे. आई मिठाची बरणी मांडीवर घेऊन शेजारी समाधानानं बसलेली. तिनं माशांना मीठ लावलं होतं, गो. दुपारपर्यंत विकले नाहीत तर मासे नासतात, म्हणून बाजारात ती जशी मुठीनं मीठ फेकायची तशीच फेकलं होतं. चूक तिची नव्हे, तिच्या हातांनी आपलं काम केलं.

भाई म्हणाला, मीठ कुलपात ठेवा. ठेवलं. ती दिवसभर घर उपसत राहिली, फडताळं, गाद्या, देवघरसुद्धा. मासे कुसतले, गिऱ्हाईक फिरतला, म्हणून रडली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे रिकामी पाटी घेऊन बंदरावर गेली आणि लिलावाच्या गर्दीत बसली. शेजारच्या काशीबाईनं हाताला धरून आणली. त्याच बातमीवरून तू विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत तिचं नाव घातलंस. पण ती घराबाहेर कशासाठी पडली, ते मी तुला सांगितलं नव्हतं. मीठ मिळेना म्हणून पडली.

मग मी उलटा विचार केला. टाकी धुताना पाहिलं, सगळी रोपं गेली होती, पण भाईनं फुकट दिलेलं एक खरबरीत, जाड पानांचं झुडूप कोपऱ्यात तसंच उभं होतं. त्याला जावा फर्न म्हणतात. थोडं मीठ ते सोसतं. मग थोडं खारं पाणी चालेल असे मासे कोणते, ते विचारलं. मॉली. काळ्या मखमली मॉली आणल्या. मीठ कुलपातून काढलं, आणि रोज तिला एका लहान डबीत चमचाभर देतो. ती तेवढंच मोठ्या हातानं फेकते आणि शांत होते. मी दर दोन दिवसांनी बादलीनं पाणी बदलतो, म्हणजे खारटपणा वाढत नाही. मासे जगले, झुडूप जगलं. टाकीत मीठ पडत राहणारच, हे एकदा मानलं की पुढचं सोपं असतं.

त्या फर्नचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, ते दगडाला बांधायचं असतं. माझ्या बोटांना काही जमेना. तिनं माझ्या हातून दोरा ओढून घेतला आणि जाळं विणताना मारतात तशी गाठ अशी मारली की आजतागायत ढिली झालेली नाही. आपलं नाव विचारलं तर अडखळणारी बाई. त्या दिवशी मी परसात जाऊन तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं.

संस्था चांगली आहे, तू बघून आलीस, मला मान्य आहे. तिथं नर्स आहेत, कुलपं आहेत. पण तिच्या हातातलं मीठ तिथं कोण सोसणार, उर्वशी? तिथं ती दिवेलागणीला कुठल्या घराकडे निघेल?

नेऊ नकोस, असं लिहायला मी बसलो होतो. पण मलाही आता झेपत नाही, हे तू म्हणतेस ते खरं आहे. तेव्हा जे आजवर लपवलं तेच सांगून मागतो. शिमग्यापासून ती मला ओळखत नाही. तिच्या लेखी मी कुडाळहून आलेला टाकीवाला आहे. मला पाहुण्याच्या कपातून चहा देते, अहोजाहो करते. दिवे लागले की म्हणते, "आता तुमी जावा. माझो घोव येयत. परको पुरुष घरात बघल्यान तर काय म्हणात?" मी, तिचा नवरा, चपला घालतो, मागच्या बाजूनं फिरून पडवीत येऊन बसतो. काशीबाईनं एकदा तिला सांगून बघितलं, अगो यशोदा, होच तुझो घोव. ती न्हाणीघरात शिरली, आतून कडी लावली आणि ओरडत राहिली की माझो घोव म्हातारो नाय. तेव्हापासून मी कोणाला सांगू दिलं नाही. टाकीवाल्याला ती घाबरत नाही. त्याच्या हातचं जेवते. संस्था फक्त बायकांची आहे, नवऱ्याला तिथं जागा नाही, हे तू सांगितलंस. मी नवरा म्हणून मागतच नाही. टाकी आत ठेवू देतात का विचार, आणि तिचं पाणी बदलायला एक म्हातारा रोज येऊन गेला तर चालेल का, तेवढं विचार. मी जवळपास कुठंतरी खोली बघेन. रविवारी आलीस की दारात मला बाबा म्हणून हाक मारू नकोस. चहा घे, आईजवळ बस, आणि तिच्यासमोर मला एवढंच विचार, टाकी गाडीत मावेल का हो? मावते. मी मोजून ठेवली आहे.

तुझाच,
बाबा