दोनाचा आठवा घात

२१ जुलै, सोमवार.
शेजारच्या धुरपताच्या बोडीत एक पान नाही, आन जलपर्णी आली ती माझ्याच बोडीत! पाऊस एक, गाव एक, मग या कचऱ्याले माझाच पत्ता कोण देते? बरं, वहीबाई, जय भीम.
बोडीत, म्हणजे माझ्या या बारक्या तळ्यात, शिंगाडा लावला आहे. कोपऱ्यात जलपर्णी, एक टोपलं भरेल एवढी. १५ सप्टेंबरले बोड्या वाटून देणाऱ्या सोसायटीचे श्यामराव पाहाले येणार. ज्याची बोडी झाकली त्याची बोडी गेली, असा नियम. तीस वर्षं माझ्या हातात आहे. धुरपता टपूनच बसली आहे. पण एका टोपल्यासाठी गाळात कोण उतरते? शेवटी एकदमच काढीन.

२२ जुलै.
नात रक्षा आठवीत आहे. तिनं भिंतीवर खडूनं २ लिहिला आन त्याच्या डोक्यावर बारका ८. मी वाचलं, अठ्ठावीस. म्हटलं, अक्षर सुधार, आठ वर पळून गेला. ती म्हणते, आजी, हा दोनाचा आठवा घात. खालचा दोन पाया, वरचा आठ घातांक. जलपर्णी दर आठवड्याले दुप्पट होते, आन हाती आठवडे आठ.
म्हटलं, सकाळी सकाळी घरात घात-बित बोलाचं नाही. बे अठ्ठे सोळा. सोळा टोपले. एका दिवसाचं काम. मी तिसरी पास आहे, पण पाढे तीसपर्यंत पाठ.

२८ जुलै.
दोन टोपले. बे एके बे. बरोबर.

४ ऑगस्ट.
चार. बे दुणे चार! रक्षाले हात धरून नेलं, दाखवलं. म्हणाली, दुसरा घातही चारच येते आजी, इथंच माणूस फसते. म्हटलं, फसतात ते शाळेत जाणारे.

११ ऑगस्ट.
बे त्रिक सहा पाहिजे. आठ आहेत. दोनदा मोजले. पाढा चुकत नाही. म्हणजे वरचे दोन टोपले कोणीतरी आणून टाकले.
धुरपता.

१२ ऑगस्ट.
हातपंपावर तिले सगळ्यांसमोर विचारलं. म्हणते, रत्नाबाई, तुह्या बोडीत टाकाले मी जलपर्णी आणू कुठून? माह्या बोडीत आहे का? पाहा हुशारी! नाहीच आहे. सगळी माझ्याकडं टाकल्यावर राहील कशी?

१८ ऑगस्ट.
आठ पाहिजे. सोळा. उद्यापासून बोडीच्या पाळीवर, बांधावर बसून पहारा. काठी, छत्री, तंबाखूची डबी.
रक्षा म्हणते, मैत्रिणी घेऊन येते, आजच्या आज काढून टाकतो. म्हटलं, अभ्यास कर. पुराव्याले हात लावाचा नाही.

२५ ऑगस्ट.
पोळ्यालेही पाळीवरून उठली नाही. धुरपता फिरकली नाही. तरी बत्तीस. म्हणजे मी जेवाले घरी जाते तेव्हाच येते. उद्यापासून डबा पाळीवर.

१ सप्टेंबर.
चौसष्ट. शिंगाड्याचे वेल दिसत नाहीत. गुडघा सुजला. रक्षा माझ्याशी बोलत नाही. भिंतीवर नुसते दोन मांडते, मधात गुणाकाराच्या फुल्या. सहा दोन. पुढं आणखी दोन दोनांची जागा मोकळी सोडली आहे. मी त्या भिंतीकडं पाठ करून जेवते.

८ सप्टेंबर.
अर्धी बोडी अजून मोकळी! सात आठवडे लागले अर्धी भराले, मग उरलेली अर्धी एका आठवड्यात भरेल कशी? रक्षाले म्हटलं, घे, हे गणित कर. तिनं केलं. मी पाहिलं नाही.

११ सप्टेंबर.
उद्या उतरते.

१२ सप्टेंबर.
उद्या नक्की.

१४ सप्टेंबर.
उतरली. कमरेइतकं पाणी. दिवसभरात अकरा टोपले. एक ओढलं की बाजूची सरकून जागा बुजवते. दुपारी धुरपता आली, लुगड्याचा कासोटा घट्ट केला, नऊ टोपले काढले. म्हटलं, आपलंच टाकलेलं काढून राहिली. तिनं हातातलं टोपलं पाळीवर ठेवलं आन गेली.

१५ सप्टेंबर, सोमवार.
श्यामराव आले. विचारलं, रत्नाबाई, पाणी कुठं आहे? म्हटलं, खाली. हसले नाहीत. किती टोपले, विचारलं. मी सोळा म्हणणार होती, त्याआधीच रक्षा म्हणाली, दोनशे छप्पन, त्यातले वीस काढले. आठ दोन आहेत काका, घरी भिंतीवर पाहा. श्यामराव तिच्याकडं पाहातच राहिले, मग माझ्याकडं.
नोटीस देऊन गेले. आठ दिवसांत लेखी उत्तर पाहिजे : एकच टोपलं होतं तेव्हा काहून काढली नाही? उत्तर पटलं नाही तर बोडी धुरपताले.
आठ दिवस. पुन्हा आठच.
मी बोटं मोजून पाहिली. दोन, चार, आठ... पाचव्या बोटावर बत्तीस झाले. पुढं मोजलं नाही.
घात हा शब्द या घरात रक्षानं आणला. नोटिशीचं उत्तर तिनंच द्याचं.