शालूला आधीच कळलं होतं

मुंबई, १२ जानेवारी १९४४

झुंबरअक्कास,
धाकट्या हौशीरामचा पाया पडून नमस्कार.

शालूच्या अन्ननळीत कॅन्सरची गाठ निघाली. आठ दिवस मी तिच्यापासून लपवलं. मग एकदा पेज भरवताना मी तिची नजर चुकवली. ती म्हनली, "अवो, डाक्तर तुमाला बोलले ते मी ऐकलंय. तुमी भ्याल म्हनून गप ऱ्हायले." दोघंबी रडलो. लय दिवसांनी मनातलं बोललो, जीव हलका झाला.

तवापासून रेडियमचा इलाज चालू हाय. आज तिनं अर्धी वाटी पेज गिळली, ठसका लागला न्हाई. पुढचं डाक्तर सांगत न्हाईत, मीबी इचारत न्हाई.

आमची पोरं तुझ्यापाशी वलवनात रमली का? आमची म्हस तुला धार काढू देती का? शालू म्हनते, "माझं जुनं लुगडं नेसून बसा, माझ्या वासानं ती हलनार न्हाई. पन धुऊन ठेवा, आल्यावर मलाच लागंल."

तुझा भाऊ,
हौशीराम