जपानी गाडी मी न्यूट्रलमध्ये कशी घेतली

सोनगीर, ४ नोव्हेंबर १९९५
मुंबईच्या मेहुण्याने जुनी जपानी ऑटोमॅटिक गाडी दिली. क्लचच नाही. दांडा 'पी'वर ठेवला की उभी, 'डी'वर की चालू. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही. मशीन समजायला डोकं लागतं.

९ नोव्हेंबर
गाडी शेजारच्या हिलालआबांच्या दारासमोर लावली. आबा म्हणाले, त्यांची जीप आत अडकते. म्हटलं, नुसती हाक मारा, लगेच काढतो. हिने कपाळाला हात लावला. बायकांना ऑटोमॅटिक कळत नाही.

१२ नोव्हेंबर
टेप चालू राहिला, बॅटरी उतरली. बॅटरीशिवाय दांडा 'पी'वरून हलतच नाही. चोरांची भीती गेली.

१४ नोव्हेंबर, सकाळ
आबांच्या सुनेला, सुमनला, कळा सुरू झाल्या. धुळ्याच्या दवाखान्यात न्यायची. आबा ओरडत आले, "भाऊ, गाडी बाजूले करा, जीप निघत नही!" मी शांत. हँडब्रेक सोडला, म्हटलं, ढकला. अख्खी गल्ली लागली. चाकं जागची हलेनात, चपला तेवढ्या झिजल्या. माहितीपुस्तक काढलं. जपानीत निघालं. चित्रांवरून अंदाज घेत होतो, तर जीपमधून सुमन किंचाळली, "भाऊ, आते काय वाची राहिनात!"

चिडलो. बाहेरूनच आत वाकून दांड्याशेजारचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलो. आत काहीतरी दबलं आणि दांडा सरकला. न्यूट्रल! मागे सरून टाळी वाजवली.

गाडी निघाली. मी बाहेर. आमची गल्ली किल्ल्याकडून सरळ उतरते.

त्याच दिवशी, दुपार
रस्ता मोकळा झाला, हे कोणी नाकारू शकत नाही. जीप वेळेत गेली. गाडी खाली कौतिक तांबटाच्या घागरींच्या ढिगात थांबली. आवाज हायवेपर्यंत गेला म्हणतात. कौतिक रडकुंडीला आला, "बठ्ठा भांडा चपटा हुई ग्यात!" सुचवलं, ताटल्या म्हणून विक. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

१६ नोव्हेंबर
धुळ्याहून निरोप आला, सुमनला मुलगी झाली. दोघी सुखरूप. माझं प्रसंगावधान. सत्कार होईल असं दिसतं. छोटं भाषण तयार केलं.

१९ नोव्हेंबर
बाळ बघायला धुळ्याला गेलो. एस.टी.ने, उभ्याने. आबांनी पेढा दिला. सत्काराचा विषय निघाला नाही. भाषण खिशातच राहिलं. सुमनने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घाबरू नका भाऊ, हाई कोठे पळत नही."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. तरी उठेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो.