दारातल्या ओल्या चपला

दुर्गाघाट, काशी

चि. मारिसेल,

नावाआधी ‘सौ.’ लिहायला हात गेला, मग आवरला.

विश्वेशला अग्नी देऊन आपण परतत होतो, तेव्हा तू चहाच्या दुकानापाशी अडलीस. म्हणालीस, “बाबा, आमच्या फिलिपाइन्समध्ये मयताहून थेट घरी जात नाहीत. वाटेत कुठंतरी बसायचं, म्हणजे गेलेला माणूस मागोमाग घरी येत नाही.” मी चिडलो. चाळीस वर्षं श्राद्धं सांगणाऱ्याला तू शिकवणार? “सुतकात दुकानात बसतात का? आणि ही काशी आहे, इथून कुणी परत येत नाही,” म्हणालो आणि तुला तसंच घरी आणलं.

तू सेबूला माहेरी गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दारातल्या विश्वेशच्या चपला रोज सकाळी ओल्या असतात.

परवा फोनवर तू विचारलंस, “सगळं ठीक ना?” मी हो म्हणालो. खरं सांगितलं तर म्हणशील, अजूनही त्या दुकानात घटकाभर बसून या. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

घाटावरून येताना चहावाला रोज हाक मारतो, “बैठिए, पंडितजी.” मी पाय उचलतो. मागून ओल्या चपलांचा आवाज घरापर्यंत येतो.

तुम्हा दोघांचा,
बाबा