कुंपणामागचं रान

मी, नोलीन रूथ पेथरिक, वय सत्त्याहत्तर, राहणार पुकेवाई, नॉर्थलंड, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. हृदय थकलं आहे, डोकं शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या डुक्करशिकारी क्लबातल्या कोणाला डोक्याबद्दल शंका असेल, तर ती माझ्या माघारी काढावी. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द.

राहतं घर व मेंढरं मुलगी वेरा हिला.

माझी रायफल आमच्या क्लबचा अध्यक्ष रेवी याला. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकील म्हणाले. "मग रायफल राहू दे, सही करू दे," म्हणाला. गप्प बस म्हटलं.

चिनी मातीचे कप नणंद ऑलिव्ह हिला. दर नाताळात विचारते, "एका हाताने डुकरं मारता नि दुसऱ्या हाताने किवी जपता, लाज नाही वाटत?" वन्सं, रानडुक्कर किवी पक्ष्याची अंडी खातं, हे शेवटचं सांगते. आता चहा घ्या.

बँकेतली शिल्लक क्लबला. तिच्यातून स्टोटचे सापळे घ्यावेत. हे मुंगसासारखे चोरटे किवीची पिल्लं फस्त करतात. बिअर मात्र ज्याने त्याने स्वतःच्या पैशाची प्यावी.

आता घरामागचं रान, जिथे किवी घरटी करतात. यावर सगळ्यांचा डोळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शिकारी कुत्रा या रानात न्यायचा तर आधी त्याला किवीचं शिक्षण हवं, हा क्लबचा नियम. मेलेल्या किवीचा वास घेतला की गळ्यातला पट्टा विजेचा झटका देतो. पुन्हा कुत्रा त्या वासाकडे फिरकत नाही. माझा मुलगा डुगल याने ते टाळलं. "आई, माझा रेक्स शहाणा आहे गं, त्याला कशाला झटके?" त्या शहाण्याने अंड्यांवर बसलेला नर तोंडात धरून आणला आणि शेपटी हलवत माझ्या पायाशी ठेवला. किवीत अंडी बाप उबवतो. तीही गेली.

"या रानात पुन्हा पाय ठेवायचा नाहीस," मी डुगलला सांगितलं. क्लबने त्याला काढलं, तेव्हा पहिला हात माझा वर होता. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

तेव्हापासून त्याने कुत्रा पाळला नाही. दर पंधरवड्याला येतो, रस्त्याकडेचे सापळे साफ करतो, आमिषाचं ताजं अंडं ठेवतो, कुंपणापाशी जरा थांबतो आणि जातो. चहालाही आत येत नाही. मी खिडकीतून बघते. जीव तुटतो, पण तोंड उघडत नाही. पोरगं माझं आणि हट्टही माझाच.

रेवी म्हणतो, "मावशी, रान आम्हाला द्या, सांभाळू." सांभाळतील, यात शंका नाही. तरी रान डुगलला देत आहे. अट एकच: त्याने कुत्रा पाळावा, त्याला शिकवून घ्यावा आणि फाटक उघडून आत यावं.

वकील म्हणतात, अशी अट कायद्यात टिकत नाही. न टिको. खोडू नये. त्याला मोठ्याने वाचून दाखवावी.

सही: नोलीन रूथ पेथरिक
साक्षीदार: १. इनिड कॉब, पशुवैद्य २. तमाती वाका, टपालवाला
(दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.)
पुकेवाई, १४ मे २०१९