बाळ यायच्या आधीचे पैसे

आई,

परवा एका बाईने मला बाळाला तेल कसं लावायचं ते शिकवलं. न्युरेम्बर्गमध्ये, एका चकाचक हॉलमध्ये, रबराच्या बाहुलीवर. बाई जर्मन, पन्नाशीची, हातात लॅमिनेट केलेलं कार्ड. त्यांच्या कंपनीची वेलनेस सेंटरं गावोगावी आहेत आणि तसलंच एक इथे मी आणि एक मुलगी मिळून काढणार आहोत. म्हणजे काढायचं घाटतंय. नाव त्यांचं, तेल त्यांचं, पद्धत त्यांची. भाडं आणि कष्ट आमचे. पण त्याआधी बारा हजार युरो भरायचे, नुसते आत येण्याचे. सेंटर चालो न चालो, ते परत मिळत नाहीत. त्यातच तीन दिवसांचं 'भारतीय माता-बाल मालीश'चं ट्रेनिंग धरलेलं आहे. तू मिरजेत घरोघर जाऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचीस, तेच मी पैसे देऊन शिकायचं. बाईने नमुना म्हणून तळपायापासून सुरुवात केली. मी म्हणालो, आधी टाळू. तिने कार्ड बघितलं. "इंटरेसांट. पण आमच्या कॉन्सेप्टमध्ये टाळू नाही." माझं डोकं सटकलं. मी फरशीवर पाय पसरून बसलो, बाहुली पायांवर पालथी घातली आणि तुझ्यासारखा पाठीवरून हात फिरवायला लागलो. मला हे येतं हे मलाच माहीत नव्हतं. ती मुलगी माझी बाही ओढत होती. "ऊठ ना. तमाशा नको करूस. बाईंना सॉरी म्हण." मी सॉरी म्हणालो.

तिच्याबद्दल तुला सांगायला हवं. ती ठाण्याची, फिजिओथेरपिस्ट, इथल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी करते. इंडियन दुकानात पोह्यांच्या शेवटच्या पाकिटावरून आम्ही भांडलो, आणि पाकीट तिने नेलं. त्यानंतर मी त्या दुकानात काही घ्यायचं नसताना चार वेळा गेलो. कॉलेज मी सोडलं ते मात्र तिच्यामुळे नाही. लॅबमधल्या ट्यूटरशी वाजलं, मी रागाच्या भरात नाव काढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी राग गेला तरी नाव गेलेलंच होतं. सेंटरची कल्पना तिची. तिला क्लिनिकमध्ये दर वीस मिनिटांनी नवा गुडघा धरायचा कंटाळा आलाय. मी एकदा धीर करून विचारलं, आपलं दोघांचं काय? ती म्हणाली, "आधी सेंटर उघडू दे रे. मग निवांत बघू." आउसलेंडरबेहोर्डेमधली, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतली, व्हिसाची बाई म्हणते, आधी कराराचे कागद आणा. कंपनी म्हणते, आधी फी. सगळ्यांनाच काहीतरी आधी हवंय. मामाने दुसऱ्या वर्षासाठी पाठवलेले आणि मी शनिवारी गोदामात खोकी उचलून साठवलेले, मिळून बारा हजार होतात. त्याच्या वर फार उरत नाही.

करार घरी वाचायला चौदा दिवस दिले होते. तो किचनच्या टेबलावर पडलाय आणि मला वाचताना सारखी तुझी मान दिसते. मी दहा वर्षांचा. तू मिरजेच्या स्वयंपाकघरात बाळंतशेपा निवडतेयस आणि मी धावत येऊन नोटा तुझ्यासमोर धरतो. कापडदुकानवाल्या आजोबांनी रस्त्यात थांबवून दिलेल्या. त्यांच्या लेकीला सातवा लागला होता, आणि तू दुसऱ्या कुणाचं काम धरू नयेस म्हणून ते आगाऊ देत होते. मला वाटलं तू खूश होशील.

"कशाचे?" तू विचारतेस.

"बाळाचे."

"बाळ कुठाय?"

"येणारे ना."

"मग आलं की बघू. चल, चप्पल घाल."

सव्वा महिना झाला, ओटी भरली, की मगच तू हात पुढे करायचीस. त्याआधी चहासुद्धा बिनसाखरेचा चालेल म्हणायचीस. दुकानात नेऊन तू मलाच नोटा द्यायला लावल्यास. "अहो, पोराला कळत नाही. तुमच्या लेकीची नीट सुटका होऊ दे, मग मी भांडून घेईन." आजोबांनी नोटा बोटांनी चाळल्या, माझ्याकडे बघितलं आणि गल्ल्यात टाकल्या. परतताना तू रागावली नाहीस. फक्त म्हणालीस, "परत कुणाकडून असं काही आणू नकोस." ते नेमकं काय होतं, आई? भीती? की त्यांच्या ओझ्याखाली जायचं नव्हतं? तीन वर्षांनी तू गेलीस, आणि हे विचारायचं राहिलं. आता विचारतोय, कारण ही कंपनी म्हणते तेही मला पटतं. त्यांनी नाव कमावलंय, नावाचे पैसे असतात. 'या, गेनाऊ', म्हणजे हो, अगदी बरोबर, असं मीच मान डोलावून आलो. घरी येऊन बाहुलीची आठवण झाली की पटत नाही. मग त्या मुलीचा मेसेज येतो आणि परत पटतं.

पैसे भरायची मुदत उद्या बारापर्यंत. काल ती यू-बानमध्ये म्हणाली, "भरलेस ना?" मी म्हणालो, भरले. का म्हणालो माहीत नाही. तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं, अख्खी पाच स्टेशनं. असं तिने कधी केलं नव्हतं. "बघ, तुला जमलं," म्हणाली. मी हललो नाही, श्वासही जपून घेतला. आणि तेव्हा मला त्या कापडदुकानाचा वास आला. मी पुन्हा आगाऊ घेऊन आलो होतो. उद्या पैसे भरले तर कालचं खोटं राहणार नाही, कुणाला कळणारही नाही. पण मी ते सेंटरसाठी भरेन की त्या पाच स्टेशनांसाठी, हे मला कितीही विचार केला तरी सांगता येत नाही. आणि खरं सांगितलं तर ती त्या पाच स्टेशनांशिवाय आणखी काय काय परत मागेल, तेही.

हे पत्र मी कुठे टाकणार? कराराच्या फाइलमध्येच ठेवतो. पण एक सांगायचं राहिलंय. आजोबांनी पाचशे दिले होते. तुझ्यापर्यंत यायच्या आधी पन्नासची नोट मोडून मी भोवरा घेतला आणि उरलेली चिल्लर कंपासमध्ये लपवली. तू ताठ मानेने परत केलेस ते साडेचारशेच होते. ते आजोबांना कळलं होतं. तुला ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं.